पारदर्शक मत्स्यवाण आणि वालधुनीचे पाणी : एक परीक्षण

झेब्रा माशाचा 'कॅस्पर' नावाचा वाण बोस्टन येथील रिचर्ड व्हाइट, लेनर्ड झोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली अभ्यासकांपुढे ठेवला. प्रौढ अवस्थेतही ज्याचे हृदय, आतडी व अंडाशय बाहेरून दिसतात, असा हा मासा. प्राण्याला न मारता, न चिरता त्याच्या देहातील व्यापार दिवसेंदिवस न्याहाळता यावेत, ही शरीरक्रियाशास्त्राची जुनी आकांक्षा. ती या वाणाने बऱ्याच अंशी पुरी केली, यात शंका नाही. परंतु एखादे साधन एका प्रश्नासाठी यशस्वी ठरले, की त्याची कीर्ती त्या प्रश्नाच्या सीमा ओलांडून पुढे जाते. अर्बुदाची वाढ पाहण्यासाठी घडविलेला मासा मग औषधांच्या चाचणीत येतो, तेथून विषपरीक्षेत, आणि अखेरीस नदीच्या पाण्याचा साक्षीदार म्हणून त्याला उभे करावे, ही कल्पना सहज सुचते. मुंबईच्या आसपास जीवशास्त्राचे अध्ययन करणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा शेवटचा टप्पा केवळ तात्त्विक नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हा पट्टा लोकलने तास-दीड तासाच्या अंतरावर आहे आणि तेथील पाण्याला साक्षीदाराची खरीखुरी गरज आहे. तो साक्षीदार कोणता असावा, हा प्रस्तुत परीक्षणाचा विषय होय.

वालधुनी ही लहानशी नदी अंबरनाथजवळच्या डोंगरपायथ्याशी, काकोळे येथील जुन्या रेल्वे तलावाच्या परिसरात उगम पावते. ज्याच्या शिलालेखावर शके ९८२ (इ. स. १०६०) असा काल कोरलेला आहे, त्या शिलाहारकालीन शिवालयाच्या कडेने ती वाहते, उल्हासनगरात शिरते आणि कल्याणजवळ उल्हास नदीच्या खाडीला मिळते. एवढ्या अल्प प्रवासात तिला अंबरनाथच्या रासायनिक कारखान्यांचे आणि दाट वस्तीचे सांडपाणी भेटते. एके काळी उल्हासनगरातील जीन्स धुण्या-रंगविण्याच्या कारखान्यांचे निळे पाणीही तिच्यात येत असे. उल्हास नदीची गोष्ट निराळी आणि अधिक नाजूक आहे, कारण बदलापूरवरून वाहत येणाऱ्या या नदीचे पाणी लाखो लोक पितात. २०१४ च्या अखेरीस वालधुनीत चोरून रसायन ओतले गेले आणि उल्हासनगरातील अनेक रहिवाशांना श्वासाच्या त्रासामुळे रुग्णालयात न्यावे लागले. उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणाचे प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठापुढे चालले आणि त्याचा निर्णय २०१५ साली लागला. हा इतिहास या पट्ट्यात कोणालाही सांगावा लागत नाही.

अशा पाण्याविषयी जे आकडे नित्य प्रसिद्ध होतात ते सामू, विरघळलेला प्राणवायू, जैवरासायनिक प्राणवायूची मागणी आणि आतड्यातील जिवाणू यांचे असतात. हे आकडे आवश्यक आहेत. परंतु पाण्यात काय आहे याचे ते अंशतः उत्तर देतात, आणि त्या पाण्याचे सजीवावर काय होते याचे मुळीच देत नाहीत. ही उणीव कायद्याच्या ध्यानात आलेली नाही असे नव्हे. सांडपाण्याविषयी पर्यावरण (संरक्षण) नियमांत जी सर्वसाधारण मानके आहेत, त्यांत माशाची साक्ष स्पष्टपणे मागितली आहे : निर्भेळ सांडपाण्यात शहाण्णव तासांनंतर शंभरांपैकी नव्वद मासे जिवंत असले पाहिजेत. भारतीय मानक ब्यूरोने झेब्रा माशावर आधारलेली पद्धतीही ठरवून दिली आहे. म्हणजे मासा न्यायालयात आधीच हजर आहे. मात्र त्याला विचारण्यात येणारा प्रश्न एकच, आणि तो म्हणजे जिवंत की मृत. ज्या पाण्यात मासा मरत नाही परंतु त्याच्या पिल्लांचा कणा वाकडा होतो किंवा हृदयाचे ठोके मंदावतात, ते पाणी या परीक्षेत निर्दोष ठरते.

पारदर्शकतेचे खरे महत्त्व येथे सुरू होते. झेब्रा मासा मूळचा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवरील आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. त्याला प्रयोगशाळेत प्रतिष्ठा मिळाली ती अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठातील जॉर्ज स्ट्रायसिंगर याच्या १९८१ च्या निबंधाने, आणि पुढे १९९६ साली ट्यूबिंगेन व बोस्टन येथील विस्तृत उत्परिवर्तन-शोधांनी. या प्रतिष्ठेचे मूळ कारण साधे आहे. मादी एका वेळी शंभरावर अंडी देते, फलन शरीराबाहेर होते, आणि सुमारे पाऊण मिलिमीटर व्यासाचे ते भ्रूण निसर्गतःच काचेसारखे असते. पहिल्या चोवीस तासांच्या सुमारास हृदय धडधडू लागते, दोन-तीन दिवसांत पिल्लू कवचाबाहेर येते, पाचव्या दिवशी पोहून अन्न शोधू लागते. आणि हे सारे साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसते. २०१३ साली या माशाचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा मानवी जनुकांपैकी सुमारे सत्तर टक्क्यांना त्याच्यात किमान एक समकक्ष जनुक आढळले. त्याच वर्षी त्याच्या पिल्लाच्या मेंदूतील सुमारे एक लक्ष चेतापेशींपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक पेशींची हालचाल एकाच वेळी टिपता आली. यांपैकी कशासाठीही कॅस्पर अपरिहार्य नव्हता, ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे.

मासा मोठा होतो तसा झाकला जातो. त्याच्या त्वचेत कृष्णवर्णी, रुपेरी आणि पिवळ्या अशा तीन प्रकारच्या रंगपेशी असतात. भ्रूणावस्थेतच काळा रंग थोपवावयाचा असेल तर पाण्यात फेनिलथायोयुरिया नावाचे द्रव्य घालण्याचा प्रघात आहे. परंतु ते अवटु ग्रंथीच्या कार्यातही ढवळाढवळ करते, म्हणजे पाहण्यासाठी केलेला उपाय पाहण्याची वस्तूच बदलून टाकतो. कॅस्परच्या निर्मात्यांनी हा मार्ग टाळून पैदाशीचा मार्ग धरला. 'नॅकर' या वाणात काळ्या पेशी नसतात. 'रॉय' या वाणात रुपेरी पेशी नसतात. दोहोंच्या संकरातून, दोन्ही दोष ज्यात एकत्र आले अशी संतती निवडून, कॅस्पर सिद्ध झाला. त्याच्या अंगी प्रतिदीप्त रक्तमूलपेशी किंवा कृष्णार्बुदाच्या पेशी रोपल्या असता त्या कोठे जातात, कोठे रुजतात, हे जिवंत प्रौढ माशात दिवसागणिक पाहता आले. ही कामगिरी मोठी आहे. कर्करोगाच्या प्रसाराचा अभ्यास करणाऱ्याने कॅस्परबद्दल कृतज्ञच असावे.

तथापि 'पारदर्शक' हे विशेषण त्याला सरसकट लावणे अतिशयोक्तीचे आहे. कॅस्परचा डोळा काळाच राहतो, कारण दृष्टिपटलामागचा रंगथर नॅकरच्या दोषामुळे जात नाही. तो घालविण्यासाठी आणखी एक उत्परिवर्तन जोडून २०१६ साली 'क्रिस्टल' नावाचा वाण तयार करावा लागला. शिवाय त्वचेचा पडदा दूर झाला तरी प्रौढ देहातील स्नायूंचे जाड थर प्रकाश विखुरतातच. खोलवरचे पाहण्यासाठी महागड्या सूक्ष्मदर्शकाची गरज संपत नाही. खिडकीचा पडदा काढला म्हणजे भिंत काच होत नाही. (निसर्गाने जेथे हे काम स्वतः केले आहे तेथे चित्र निराळे आहे : ब्रह्मदेशातील डॅनिओनेला सेरेब्रम हा जेमतेम बारा मिलिमीटरचा मासा प्रौढपणीही पारदर्शक असतो आणि त्याच्या मेंदूवर कवटीचे छतच नसते. या प्रजातीला तिचे स्वतंत्र नाव २०२१ सालीच मिळाले.)

याहून गंभीर आक्षेप असा, की रंग हा केवळ रंग नसतो. रॉय वाणातील दोष कोणत्या जनुकात आहे, हे कॅस्पर प्रसिद्ध झाला तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे २०१७ साली तो 'एमपीव्ही-१७' या जनुकात असल्याचे दाखविण्यात आले. हे जनुक तंतुकणिकेच्या, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघराच्या, आतील पटलावरील प्रथिनाचे आहे. मनुष्यात त्याच जनुकात बिघाड झाल्यास तंतुकणिकांतील डीएनए घटतो आणि यकृत व मेंदू यांना ग्रासणारा गंभीर बालरोग उद्भवतो. मासा वरकरणी निरोगी दिसतो व प्रजननही करतो, हे खरे. परंतु विषपरीक्षेच्या दृष्टीने या शोधाचा अर्थ फार मोठा आहे. डायनायट्रोफिनॉल व तत्सम नायट्रोफिनॉले तंतुकणिकेच्या ऊर्जानिर्मितीवरच आघात करतात, आणि रंग व रंगद्रव्यांची मध्यस्थ रसायने बनविणाऱ्या उद्योगात अशी द्रव्ये अपरिचित नाहीत. ज्या विषाचा आघात तंतुकणिकेवर होतो, त्याची परीक्षा ज्याची तंतुकणिकाच आधीपासून अधू आहे अशा माशावर केली तर मिळणारे उत्तर विषाचे की वाणाचे, हे कसे ठरवावयाचे? अंबरनाथच्या पाण्यासाठी कॅस्पर सुचविणाऱ्याने प्रथम या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे.

नॅकरच्या बाजूनेही असाच एक धक्का बसला आहे, आणि तो झोन यांच्याच प्रयोगशाळेतून आला. माशाच्या रक्तमूलपेशी मूत्रपिंडात राहतात. त्या मूत्रपिंडावर काळ्या रंगपेशींचे एक आच्छादन असते. पाण्यातून येणाऱ्या अतिनील किरणांपासून ते खालच्या रक्तमूलपेशींचे रक्षण करते, असे २०१८ साली फ्रीडरिख काप यांच्या निबंधात दाखविण्यात आले. काळ्या पेशी नसलेल्या माशांत अतिनील किरणांनी रक्तमूलपेशींची अधिक हानी झाली. या निष्कर्षातील विसंगती सहज ध्यानात येण्यासारखी आहे. ज्या पेशी पाहता याव्यात म्हणून छत्री काढून टाकली, त्याच पेशी त्या छत्रीखाली राहत होत्या. प्रयोगशाळेच्या मंद दिव्याखाली याने फारसे बिघडत नाही. परंतु उन्हात वाहणाऱ्या उघड्या नदीविषयी अनुमान काढावयाचे झाल्यास बिघडते. कारण काही रसायने प्रकाश पडल्यावरच अधिक विषारी होतात. अशा द्रव्यांपुढे रंगहीन मासा हा सामान्य माशाचा प्रतिनिधी उरत नाही. शिवाय भ्रूणाचा रंग फिका पडणे हे स्वतःच अनेक रसायनांच्या परिणामाचे एक चिन्ह मानले जाते. कॅस्पर ते चिन्ह दाखवू शकत नाही, कारण ज्यावर ते उमटावयाचे ती पाटीच पुसलेली आहे.

पैदाशीच्या इतिहासात असे मूल्य पूर्वीही मोजले गेले आहे. प्रयोगशाळांतील प्रमुख वाणांचे पूर्वज शोभेच्या माशांच्या दुकानांतून आलेले. नदिया या बंगालमधील जिल्ह्यातून नेलेल्या वाणाशी व इतर रानटी वाणांशी त्यांची तुलना २०१४ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा असे आढळले की रानटी माशांत चौथ्या गुणसूत्रावर असणारा नैसर्गिक लिंगनिश्चायक घटक प्रयोगशाळेतील वाणांत नाहीसा झाला आहे. कोणीही तो मुद्दाम काढला नव्हता. सोयीसाठी केलेल्या निवडीत तो हातातून निसटला, आणि अनेक वर्षे कोणाच्या लक्षातही आले नाही. भारतातील स्थिती या बाबतीत काहीशी भाग्याची आहे, कारण मूळ मासा येथलाच. दिल्लीच्या जीनोमिकी व समवेत जीवविज्ञान संस्थेने आसामातील रानटी झेब्रा माशाच्या जनुकसंचाचे काम २००९ सालीच हाती घेतले होते. तरीही अनेक ठिकाणी बाजारातून आणलेला, ज्याच्या कुळाचा पत्ता नाही असा मासा परीक्षेला बसविला जातो. साक्षीदाराचे नावगाव न विचारता त्याची साक्ष नोंदविण्यासारखेच हे आहे.

मग नदीसाठी योग्य काय? आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०१३ साली झेब्रा माशाच्या भ्रूणावरील विषपरीक्षेची जी पद्धत (क्रमांक २३६) संमत केली, ती येथे विचारात घेण्याजोगी आहे. प्रत्येक तीव्रतेला वीस भ्रूण, प्रत्येकी स्वतंत्र खळग्यात, सव्वीस अंश सेल्सिअस तापमान, शहाण्णव तास. आणि दररोज चार लक्षणांची नोंद : अंडे गोठले काय, कायखंड बनले नाहीत काय, शेपूट पीतकापासून सुटले नाही काय, हृदय थांबले काय. जर्मनीत सांडपाण्याच्या तपासणीसाठी प्रौढ माशाऐवजी मत्स्यअंड्याची परीक्षा याआधीच, २००५ पासून, लागू झाली होती. युरोपीय कायद्यानुसार स्वतंत्रपणे अन्न खाऊ लागण्यापूर्वीचे पिल्लू प्रायोगिक प्राणी गणले जात नाही. त्यामुळे ही परीक्षा नैतिकदृष्ट्याही हलकी ठरते. या पद्धतीचे कौतुक सर्वत्र झाले आहे व ते रास्त आहे. परंतु एक गोष्ट खटकते. निसर्गाने इतके स्वच्छ दिसणारे भ्रूण दिले असता पद्धत त्यातून जे पाहते ते अखेर मृत्यूचीच चार रूपे! ठोक्यांची गती, रक्ताभिसरण, कण्याचा बाक, हृदयाभोवतीची सूज, स्पर्शाला मिळणारा प्रतिसाद, हे सर्व त्याच खळग्यात, त्याच सूक्ष्मदर्शकाखाली, वेगळ्या खर्चाशिवाय दिसते आणि निर्णयात मोजले जात नाही. चेतासंस्थेवर परिणाम करणारी द्रव्ये या परीक्षेत कमी पकडली जातात, हा तिच्यावरील प्रसिद्ध आक्षेप आहे. पिल्लू लुळे पडले तरी हृदय चालूच असते, आणि हृदय चालू म्हणजे पिल्लू जिवंत, असा पद्धतीचा हिशेब. तेव्हा उणीव माशाच्या पारदर्शकतेत नसून प्रश्नाच्या कृपणतेत आहे. अधिक पारदर्शक वाण आणल्याने ती भरून निघणार नाही.

मुंबईतच याचे उत्तम उदाहरण आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत महेंद्र सोनवणे यांच्या प्रयोगशाळेने झेब्रा माशाच्या भ्रूणाचे अधिचर्म हा विषय वर्षानुवर्षे लावून धरला आहे. 'गूसपिंपल्स' या उत्परिवर्तनात मायोसिन पाच-ब हे प्रथिन बिघडल्याने त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या पेशी आकाराने लहान होतात, हे त्यांनी २०१४ साली दाखविले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हृदयाची व मणक्यांमधील चकतीची पुनर्निर्मिती याच माशात अभ्यासली जाते. सोनवणे यांच्या कामाचा नदीशी थेट संबंध नाही. तो जोडणे हे अभ्यासकाचे काम आहे. दूषित पाणी भ्रूणाला प्रथम जेथे स्पर्श करते तो पेशीथर हाच. त्याचा पेशींमधील सांधा सुटला काय, पेशी सुजल्या काय, हे पाहण्याची तयार दृष्टी आणि तयार भाषा अंबरनाथपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर कुलाब्यात उपलब्ध आहे. आणि त्वचा हा सर्वांत बाहेरचा थर असल्यामुळे तेथे कॅस्परचे काहीच प्रयोजन नाही.

आता वालधुनीच्या पाण्याकडे वळले असता अडचणी वाणाच्या नसून पाण्याच्या आहेत, हे ध्यानात येते. उपर्युक्त पद्धतीत परीक्षेच्या अखेरीस विरघळलेला प्राणवायू संपृक्ततेच्या ऐंशी टक्क्यांहून कमी असू नये, आणि सामू साडेसहा ते साडेआठच्या दरम्यान असावा, अशी अट आहे. मैलापाण्याने ज्यातील प्राणवायू खाऊन टाकला आहे अशा पाण्याचा नमुना ही अट कशी पुरी करणार? त्यात हवा सोडली तर प्राणवायू वाढतो, पण बाष्पनशील विद्रावके उडून जातात. सामू सुधारला तर धातूंचे विद्राव्य रूप पालटते. म्हणजे भ्रूणाच्या परीक्षेला जे पाणी बसते ते नदीतले पाणी नव्हेच. नमुना न सुधारता ठेवला तर भ्रूण गुदमरून मरतात आणि दोष रसायनाच्या माथी जातो किंवा, उलटपक्षी, रसायनाचा दोष मैलापाण्याच्या नावाखाली लपतो. हा शेवटचा धोका या पट्ट्यात विशेष आहे, कारण येथे कारखाना आणि नगरपालिका दोघेही त्याच पात्राच्या काठावर आहेत व दोघांनाही दुसऱ्याकडे बोट दाखविता येते. यावर उपाय म्हणजे दोन समांतर मालिका : एक नमुना जसाच्या तसा, दुसरा हवा सोडलेला, आणि तिसऱ्या खळग्यात केवळ प्राणवायू तितकाच कमी केलेले स्वच्छ पाणी. या तिहींची तुलना केल्याखेरीज वालधुनीच्या नमुन्यावरून काढलेला कोणताही निष्कर्ष ग्राह्य धरता कामा नये.

रंगीत पाण्याची अडचण त्याहून साधी आहे. नमुन्यातून काढलेले भ्रूण स्वच्छ पाण्यात धुऊन पाहता येते. अंड्याचे बाह्य कवच मोठ्या रेणूंना अडविते, म्हणून काही भ्रूणांचे कवच चिमट्याने सोडवून परीक्षा घेण्याचीही रीत आहे. काळाची अडचण मात्र दुर्लंघ्य दिसते. टँकर रात्री रिकामा होतो आणि नमुना सकाळी घेतला जातो. शहाण्णव तासांची परीक्षा त्या रात्रीविषयी काहीही सांगू शकत नाही, मग मासा कितीही पारदर्शक असो. अशा प्रसंगी पाण्यापेक्षा तळचा गाळ अधिक बोलका असतो, आणि गाळाच्या अर्कावर भ्रूणपरीक्षा करणे शक्य आहे. या नद्यांच्या बाबतीत त्याला प्राधान्य मिळावयास हवे.

प्रत्यक्ष पैदाशीचा विचार केला तर उल्हासनगर किंवा बदलापूर येथील एखाद्या महाविद्यालयाला ही गोष्ट आवाक्याबाहेरची नाही. सुमारे साडेअठ्ठावीस अंश तापमान, चौदा तास उजेड व दहा तास अंधार, क्लोरीन घालविलेले पाणी, पिल्लांना प्रथम पॅरामीशियम व मग आर्टेमिया. मासे तीन महिन्यांत वयात येतात व दिवा लागल्यावर पहाट समजून अंडी घालतात. कॅस्परसारखा दुहेरी दोषाचा वाण शुद्ध राखणे हे मात्र सततचे व खर्चाचे काम आहे, आणि वर दाखविल्याप्रमाणे या कामी त्याची गरज नाही. तो पैसा ज्ञात कुळाच्या रानटी वाणावर, आणि देशी पारदर्शक माशांच्या अभ्यासावर खर्च व्हावा. हॅमिल्टनच्याच ग्रंथात वर्णिलेला, हल्ली पॅराम्बासिस रंगा या नावाने ओळखला जाणारा मासा भारताच्या गोड्या पाण्यात दूरवर आढळतो. त्याचा कणा व आतडी जन्मभर बाहेरून दिसतात. (त्याच्या अंगात सुईने रंग भरून विकण्याचा क्रूर प्रकार शोभेच्या माशांच्या व्यापारात होऊन गेला, विज्ञानाने त्याच्याकडे तितकेही लक्ष दिले नाही.) उत्तर बंगालमध्ये डॅनिओनेलाची एक जात २००९ साली नोंदली गेली आहे. यांच्या पैदाशीची रीत, त्यांच्या भ्रूणवाढीचे वेळापत्रक आणि परिचित विषांना त्यांचा मिळणारा प्रतिसाद यांची झेब्रा माशाशी तुलना, हे पदव्युत्तर प्रबंधाला पुरेसे व उपयुक्त विषय आहेत.

तुलनेसाठीचे स्वच्छ पाणी कोठून आणावे, हा प्रश्न उरतो. शुद्धीकरण यंत्रातून काढून क्षार घातलेले पाणी नियमाला धरून असले तरी ते कोणत्याच नदीचे नसते. वालधुनीच्या बाबतीत काकोळ्याच्या वरच्या अंगाचे, कारखाने व वस्ती सुरू होण्यापूर्वीचे पाणी, आणि उल्हासच्या बाबतीत बदलापूरच्या वरचे पाणी, हे ऋतुमानाप्रमाणे वर्षभर, पावसाळ्याच्या प्रारंभी व अखेरीस निदान दोनदा, दुसरे नियंत्रण म्हणून ठेवले पाहिजे; आणि त्या पाण्यात वाढलेल्या भ्रूणांची नोंद खालच्या नमुन्यांच्या नोंदीशेजारीच छापली गेली पाहिजे.